काळी गाडी आणि कोरडे फडके

मुलांच्या कविता, कोडी आणि ‘माझा आवडता सण’ यांच्या शेजारी गाडी पुसण्यावर लेख कशाला, असे काही जणांना वाटेल. पण मुले आत बाराखडी गिरवत असतात, तेव्हा आपण पालक बाहेर पार्किंगमध्ये उभे राहून काय बोलतो? घरांचे भाव, कॉलेजचे प्रवेश आणि गाड्या. तेव्हा हा लेख पार्किंगमधला समजावा. संपादकांनी यावेळी पालकांकडून ‘ज्यावर तुमचे ठाम मत आहे असे काहीतरी’ मागितले आहे. आमची ठाम मते घरात फारशी टिकत नाहीत. एक मात्र टिकले आहे. काळी गाडी धुळीने खराब होत नाही, पुसण्याने होते. आपल्या गडद रंगाच्या गाड्यांवर जे बारीक ओरखडे दिसतात, त्यांतले बहुतेक आपण स्वतः, स्वच्छतेच्या हौसेने, स्वतःच्या हाताने काढलेले असतात.

हे मत आम्हाला फुकट मिळालेले नाही, म्हणून लिहितो.

२०१८ साली आम्ही गाडी घेतली. सौ. म्हणाली, पांढरी घे. आम्ही म्हणालो, पांढरी गाडी रुग्णवाहिकेसारखी दिसते, काळीच घेऊ. दुकानातल्या दिव्यांखाली ती गाडी अशी चमकत होती, की तिच्यात बघून भांग पाडावा. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी ती करड्या रंगाची झाली. सांता क्लारात मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नसतोच. वर्षभराचा सगळा पाऊस धरला, तरी तो पुण्याच्या साधारण निम्मा. म्हणजे आपल्याकडे वळिवाची एक सर येऊन गाड्या आपसूक धुऊन जाते, ती सोय इथे नाही. वसंतात झाडांचा पिवळा पराग. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या झाडांवर मावा पडतो आणि त्याचा चिकटा खाली गाडीवर ठिबकतो. (शेतकऱ्यांच्या घरच्यांना हे दोन्ही शब्द ठाऊक असतील, बाकीच्यांनी आजोबांना विचारावे.) आणि बारा महिने एक्सप्रेसवेची धूळ. पांढऱ्या गाडीवर यातले निम्मे दिसत नाही. काळ्या गाडीवर सगळे दिसते, आणि ते दिसले की हात शिवशिवतो. सगळा घोटाळा त्या शिवशिवणाऱ्या हाताचा आहे.

२०२० च्या जानेवारीत आमचे आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. १७ मार्चपासून आपल्या सांता क्लारा काउंटीसह बे एरियातल्या सहा काउंट्यांत ‘घरीच रहा’ हा हुकूम लागू झाला, आणि त्याच महिन्यात भारतात जाणारी विमानेही थांबली. सहा महिन्यांचे पुढे किती झाले ते इथे सांगत बसत नाही. त्या वर्षी अनेक घरांत हेच झाले होते. आईला स्वयंपाकघर मिळाले. बाबांना काय मिळणार? वाचनालय बंद, मंदिर बंद, बागेतली बाके पिवळ्या फिती लावून बंद. आपली शाळासुद्धा पडद्यावर गेली होती. बाबांना गाडी मिळाली.

बाबांची गाडीची हौस जुनी. १९८७ साली त्यांनी एक गडद निळी प्रीमियर पद्मिनी जुनी विकत घेतली. कागदावर पद्मिनी, पण घरात आणि वाड्यात सगळे तिला फियाटच म्हणत. रोज सकाळी साडेसहाला, दूध तापायच्या आत, बाबा खाली जाऊन आधी झटकण्याने आणि मग जुन्या धोतराच्या फडक्याने ती पुसत. आठवड्यातून एकदा पॉलिशची डबी निघे. आम्ही लहानपणी बघत असू, तर फडक्यावर गाडीचा निळा रंग आलेला दिसे. बाबा तो अभिमानाने दाखवीत. रंग फडक्यावर आला, म्हणजे हात नीट फिरला, हा त्यांचा हिशेब.

तो हिशेब त्या गाडीपुरता बरोबर होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या काळच्या तशा गाड्यांवर रंगाचा जो थर असे, तोच वरचा आणि तोच शेवटचा. उन्हापावसाने त्याचा पृष्ठभाग निस्तेज होई, आणि घासून तो मेलेला थर काढला की खालचा ताजा रंग वर येई. म्हणजे पुसणे हीच दुरुस्ती होती. आजच्या गाडीचे तसे नाही. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर रंग नसलेला एक पारदर्शक थर. चमक सगळी त्या वरच्या थराची. त्याची जाडी किती असावी? साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. आपला केससुद्धा त्याहून जाड असतो. त्या थरात उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्ये असतात. तो घासून गेला की परत येत नाही.

आणि धूळ म्हणजे काय? मऊ पीठ नव्हे. रस्त्याच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारेचे, सूक्ष्म कण असतात. मोह्‌स नावाच्या खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. तीत हिरा दहावर, गार सातवर. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास, आपले नख अडीचच्या. गाडीवरचा तो पारदर्शक थर म्हणजे शेवटी एक प्रकारचे प्लास्टिक. आता या प्लास्टिकवर गारेचे कण पसरलेले आहेत आणि वरून आपण प्रेमाने कोरडे फडके दाबून फिरवतो. फडके कितीही मऊ असो, त्या क्षणी त्याचा पॉलिशपेपर झालेला असतो. मायक्रोफायबरचे महागडे फडके घेतले म्हणून यातून सुटका नाही. त्याचे चिरलेले धागे धूळ पोटात घेतात हे खरे, पण पहिल्या दोन हातांत पोट भरले की तेही घासायलाच लागते.

बाबा रोज सकाळी, मास्क लावून, कोरड्या पंच्याने गाडी पुसत होते. आम्ही आत कॉलवर. गाडी आठवड्यातून एकदा किराण्यापुरती बाहेर जायची, पण पुसली जायची सात वेळा. आम्हाला ते दिसत होते आणि बरेही वाटत होते. बाबांचा वेळ जातोय, गाडी चमकतेय, आणखी काय पाहिजे!

मग ऑगस्ट आला. १६ तारखेच्या पहाटे कोरड्या विजांचे वादळ झाले आणि पूर्वेच्या डोंगरांत आणि सांताक्रूझच्या जंगलात वणवे लागले. पुढचे काही आठवडे अधूनमधून राख पडत होती. ९ सप्टेंबरचा दिवस इथल्या कुणीच विसरलेले नसेल. सकाळचे दहा वाजले तरी आकाश नारिंगी आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले. मुलांना मजा वाटत होती, आईने देवाजवळ दिवा लावला होता. दुसऱ्या दिवशी गाडीवर राखेचा थर दिसला, भाकरीच्या परातीत पीठ उरते तसा. बाबांनी तो पंच्याने पुसून काढला. नीट, सगळीकडून, गोल गोल हात फिरवून.

राखेसारखी वाईट गोष्ट नाही. तिच्यात खरखरीत कण असतात ते वेगळेच, शिवाय ती क्षारयुक्त असते. ओल लागली की तिची लाही रंगाला खाते. म्हणून राख पुसू नये, झटकूही नये, भरपूर पाण्याने वाहवून द्यावी. हे आम्हाला आज माहीत आहे. त्या दिवशी फक्त एवढे दिसले, की धूर निवळून ऊन पडल्यावर बॉनेटवर सूर्याचे प्रतिबिंब आणि त्याच्याभोवती वर्तुळात वर्तुळे, जणू कोळ्याने जाळे विणले आहे.

आणि आम्ही बोललो. “बाबा, कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे?”

वाक्य एवढेच. पण स्वर वाईट होता, आणि नात समोर उभी होती. बाबा काही म्हणाले नाहीत. पंचा झटकून, घडी घालून दोरीवर टाकला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ते खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर ते सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून मराठी बातम्या बघत होते. पुण्यात तेव्हा करोनाने धुमाकूळ घातला होता, तेव्हा बातम्या कसल्या असणार? सौ. एकदाच म्हणाली, “ओरखडे गाडीवरचेच मोजतोयस ना?” आम्ही गप्प.

इथे जरा त्या कोळिष्टकांविषयी सांगायला हवे, कारण आम्ही बाबांवर जो आरोप केला तो अर्धाच खरा होता. आम्हाला वाटले, बाबांनी गोल हात फिरवला म्हणून गोल ओरखडे पडले. तसे नसते. घरातले रोजच्या वापरातले स्टीलचे ताट घ्या आणि दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतील. ताट हलवा, वर्तुळांचे केंद्रही हलेल. ओरखडे जर खरेच गोल असते, तर ते एकाच जागी राहिले असते. खरी गोष्ट अशी, की ताटावर सगळ्या दिशांनी हजारो सरळ बारीक चरे असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे येतात, तेवढेच आपल्या डोळ्यांकडे उजेड फेकतात, बाकीचे अंधारात राहतात. आडवे तेवढे निवडले की वर्तुळ दिसते. मुलांनी हा प्रयोग जरूर करावा, आईला विचारून. काळ्या गाडीवर हे इतके का दिसते, तेही यातच आले. काळा रंग पडलेला प्रकाश गिळतो, त्यामुळे चऱ्याने फेकलेला किरण एकटा उठून दिसतो. पांढरा रंग आधीच चहूकडे उजेड फेकत असतो, त्यात चऱ्याचा आवाज बुडून जातो. पांढऱ्या गाडीवर ओरखडे कमी नसतात, फक्त चहाडी कमी असते.

म्हणजे ते चरे एका दिवसाचे नव्हते. २०१८ पासूनचे होते. त्यांत आमचेही पुष्कळ होते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये बाहीने पुसलेला पक्ष्यांचा प्रसाद, गाडीत ठेवलेल्या झटकण्याचे दोन-चार हात, आणि फिरत्या ब्रशांच्या एका स्वयंचलित धुलाईतून घाईघाईत काढलेल्या कितीतरी फेऱ्या. त्या धुलाईचे नाव घेत नाही, कारण दोष जातीचा आहे, एकट्याचा नाही. आपल्या पुढे जी गाडी गेली तिचा चिखल ब्रशात राहतो, आणि तो आपल्या गाडीवर फिरतो. पुण्यातल्या सोसायट्यांत पहाटे एक मुलगा एक बादली आणि एक फडके घेऊन दहा गाड्या पुसून जातो, तोच हा प्रकार, फक्त विजेवर चालणारा.

हे सगळे वाचून, समजून घेऊन आम्ही बाबांकडे गेलो. गाडी कशी धुवायची याची दोन बादल्यांची पद्धत आहे, असे सांगू लागलो. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे. हातमोजा साबणात बुडवायचा, एका भागावर फिरवायचा, मग आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, आणि त्यानंतरच पुन्हा साबणात. आम्ही ‘कंटॅमिनेशन’ वगैरे म्हणत होतो. बाबा टीव्हीकडे बघत होते. तेवढ्यात आई आतून म्हणाली, “अहो, खरकट्याचा हात पातेल्यात घालायचा नाही, एवढंच सांगतोय तो.”

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

आम्ही इंजिनिअरिंगची पदवी घेतली, वीस वर्षे सॉफ्टवेअर लिहिले, पण या पद्धतीचे याहून नेमके वर्णन आम्हाला सुचले नव्हते. गाडीला लागलेला मोजा खरकटा. तो चांगल्या बादलीत जायचा नाही, आधी खरकट्या बादलीत धुवायचा. जमिनीवर पडलेले फडके खरकटे, ते उचलून परत गाडीला लावायचे नाही. गाडीचा खालचा भाग, चाकांच्या जवळचा, सगळ्यात खरकटा, म्हणून तो शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. धुवायचे वरून खाली. एकदा हा शब्द मिळाल्यावर बाबांना पुढचे काहीच सांगावे लागले नाही, उलट ते आम्हाला सांगू लागले. “अरे, हात धुतलास का बादलीत? तसाच निघालास!”

नातीने बादल्यांवर मार्करने नावे घातली. एकीवर ‘चांगली’, दुसरीवर ‘खरकटि’. बाबांनी तिच्याकडून मार्कर घेऊन ऱ्हस्व वेलांटीवर काट मारली आणि दीर्घ काढली.

आता पद्धत, जशी आमच्याकडे चालते तशी. गाडी सावलीत आणि पत्रा गार झालेला हवा. उन्हातल्या काळ्या बॉनेटवर साबण मिनिटात वाळतो आणि डाग धरतो. म्हणून वेळ सकाळची, बाबांचीच. आधी नुसते पाणी, हात न लावता. निम्म्याहून अधिक धूळ इथेच जाते आणि जी जाते ती ओरखडत नाही. साबण गाडीसाठीचा सौम्य घ्यावा. भांड्यांचा साबण तुपाचा ओशटपणा काढण्यासाठी असतो, तो गाडीवरचे मेणही काढून नेतो. साबणाचे खरे काम मळ विरघळवणे एवढेच नाही, मोजा आणि रंग यांच्यामध्ये निसरडी गादी तयार करणे हेही आहे. म्हणून फेस कमी झाला की थांबून पुन्हा बुडवायचे. हात सरळ रेषेत, वजन न टाकता. बाबा म्हणतात, तापातल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतो तसा. मग पाणी, आणि मग लगेच कोरडी करणे. इथेही पुसायचे नाही. मोठा टॉवेल पत्र्यावर अंथरायचा, वरून थोपटायचा, आणि उचलायचा.

लगेच अशासाठी, की सांता क्लारा शहराचे बरेचसे पाणी शहराच्या स्वतःच्या विहिरींचे आहे आणि ते जड आहे. चहाच्या किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच गाडीवर थेंबाथेंबाचे ठिपके होऊन बसतो. शहराच्या उत्तर भागात सिएरा पर्वतातल्या हेच हेची धरणाचे मऊ पाणी येते, तिकडच्या पालकांना या बाबतीत थोडी चैन आहे. त्यांनी ती उपभोगावी, आम्हाला सांगू नये.

पक्ष्याचा प्रसाद आणि चिकटा या दोन गोष्टी मात्र रविवारची वाट बघत नाहीत. त्या रंगाला खातात. ओला कागदी रुमाल त्यावर पाच मिनिटे ठेवावा, मऊ पडले की उचलून घ्यावे, घासू नये. गाडीत पाण्याची बाटली आणि दोन स्वच्छ फडकी असली की पुरे.

पाणी किती लागते यावरून आमच्याकडे वाद झाला होता. नळी सोडून दिली तर पाच मिनिटांत पिंपभर पाणी जाते. २०१४ च्या जुलैत, दुष्काळात, कॅलिफोर्नियाने नळीच्या तोंडाला बंद करायची तोटी नसेल तर तिने गाडी धुवायला बंदीच केली होती. बाबांना ते ऐकून आश्चर्य वाटले नाही. पानशेत फुटल्यानंतरचे पुणे त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते आणि पुढची पाणीकपात स्वतः भोगली होती. दोन बादल्या आणि तोटीची नळी, एवढ्यात ते गाडी काढतात. पावसाळ्याशिवायच्या महिन्यांत ते एक न खळबळता धुण्याचे द्रावणही वापरतात. बादलीभर पाण्यात झाकणभर टाकायचे, भिजलेल्या फडक्याने एकदाच सरळ हात, मग फडक्याची घडी बदलायची. फार चिखल असेल तर मात्र ते चालत नाही.

आणि पाणी जाते कुठे, हेही पाहिले पाहिजे. आपल्या रस्त्याकडेच्या जाळीत जे पाणी शिरते, ते शुद्धीकरण केंद्रात जात नाही. ते थेट सॅराटोगा क्रीक, कॅलाबाझस, सॅन टोमास अक्विनो अशा ओढ्यांत आणि तिथून अल्विसोजवळ खाडीत. घरातल्या मोरीचे पाणी मात्र वेगळ्या नळाने शुद्धीकरण केंद्रात जाते. म्हणून गाडी अशी उभी करावी की पाणी मातीत मुरेल, आणि साबणाची बादली शेवटी घरातल्या मोरीत ओतावी. ज्यांना अंगण नाही, त्यांनी नाणी टाकून स्वतः धुवायच्या जागी जावे, तिथले सांडपाणी केंद्रात जाते. मात्र तिथला फेस सोडणारा दांड्याचा ब्रश हातात घेऊ नये. कालच कुणीतरी त्याने ट्रकची चाके धुतलेली असतात. आपला मोजा, आपल्या बादल्या.

पार्किंगमध्ये या मताला दोन उत्तरे मिळतात. एक, ‘दर वर्षी पॉलिश करून घेतो, ओरखडे जातात.’ ओरखडे जात नाहीत, त्यांच्या भोवतालचा थर त्यांच्या तळापर्यंत खाली आणला जातो. त्या ४०-५० मायक्रॉनमधून दर वेळी थोडे काढले जाते. ही बोअरवेल आहे, नदी नव्हे. आम्ही २०२० नंतर एकदाच करून घेतले, आणि पुन्हा सहज करणार नाही. दुसरे उत्तर अधिक शहाणे वाटते: ‘गाडी वापरायची वस्तू आहे, ओरखड्यांचे काय एवढे?’ आम्हालाही ते अर्धे पटते. ज्यांना दिसत नाही त्यांनी खुशाल वापरावी. पण मग पुसूही नये! न पुसलेली मळकी गाडी पावसाची वाट बघत उभी राहिली, तर ती आमच्या हिशेबाने निगराणीत आहे. रोज कोरडे फडके मारायचे आणि वर वैराग्य सांगायचे, हे आम्हाला मान्य नाही.

तिसरे उत्तर कुणी तोंडाने देत नाही, पण बऱ्याच घरांत दिले जाते. आजोबांना गाडीला हात लावू द्यायचा नाही. ‘बाबा, राहू द्या, आम्ही बाहेरून धुऊन आणतो.’ याला आमचा सगळ्यात मोठा विरोध आहे. इथे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आजोबांना आपण काय काम देतो? गाडी चालवता येत नाही, बँकेत जायचे नाही, भाजी आपण फोनवरून मागवतो. ज्या माणसाने चाळीस वर्षे रोज काहीतरी नीट ठेवले, त्याला आपण सोफा आणि रिमोट देतो. आमच्या बाबांच्या हाताला धुण्याची खोड नव्हती, समजही होती, फक्त ती वेगळ्या रंगाच्या गाडीवर शिकलेली होती. बदलायचे होते ते फडके. आम्ही माणूस बाजूला केला. आठवडाभरच, पण तो आठवडा आमच्या हिशेबात आहे. त्या कोळिष्टकांपैकी काही अजूनही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, डाव्या मागच्या दारावर दिसतात. पॉलिशवाला म्हणाला, तिथे थर पातळ झालाय, आता घासू नका. आम्ही तसेच ठेवले आहेत.

बाबा त्यानंतर दोनदा येऊन गेले. बादल्या त्यांच्याच ताब्यात असतात. गेल्या दसऱ्याला एक नवा पेच निघाला. गाडीची पूजा करायची, तर हळदकुंकू कुठे लावायचे? झेंडूचा हार बॉनेटवर ठेवला की त्याची तार घासते, आणि कुंकू वाळल्यावर पुसायला जावे तर पुन्हा तेच. आई म्हणाली, सणाच्या दिवशी असले हिशेब करू नयेत. बाबांनी चष्मा लावून गाडीभोवती एक चक्कर मारली. मग स्वस्तिक पुढच्या काचेवर, चालवणाऱ्याच्या नजरेआड, कोपऱ्यात काढले. हाराची तार काढून तो सुती दोऱ्यात ओवला आणि आत आरशाला बांधला. लिंबे चाकांखाली, नेहमीप्रमाणे. काच कठीण असते, कुंकू ओल्या फडक्याने निघाले.

ज्या घरी आजी-आजोबा आले असतील आणि काळी, निळी किंवा गडद लाल गाडी असेल, त्यांनी आम्हाला पार्किंगमध्ये गाठावे. जास्तीचे दोन मोजे आहेत. बादल्या मात्र देता येणार नाहीत, त्यांवरचे शुद्धलेखन तपासून झालेले आहे.